रिपन नगरीचा कारभार : एका पदवीमागील गाव

(१)

लॉर्ड रिपन हे नाव महाराष्ट्रातील वाचकास अपरिचित नाही. १८ मे १८८२ रोजी त्यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयी जो ठराव प्रसिद्ध केला, त्यामुळे नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या इतिहासावरील प्रत्येक ग्रंथात त्यांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. परंतु ‘रिपन’ हे त्यांचे कुलनाम नव्हे. घराण्याचे नाव रॉबिन्सन. त्यांचे वडील फ्रेडरिक जॉन रॉबिन्सन यांना १८३३ साली ‘अर्ल ऑफ रिपन’ ही पदवी मिळाली. ती १८५९ साली वारशाने पुत्राकडे आली आणि १८७१ साली पुत्रास ‘मार्क्विस’ हा वरचा दर्जा लाभला. रिपन हे उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातल्या एका लहानशा बाजारगावाचे नाव आहे. तेथे कॅथीड्रल असल्यामुळे त्याला ‘सिटी’ म्हणतात खरे. परंतु २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी १६,७०२ भरली. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाहून ते मोठे नाही.

ज्या गावाचे नाव आपल्याकडील स्थानिक स्वराज्याशी असे जोडले गेले, त्या गावाचा स्वतःचा कारभार कसा चालत आला? पहारा, न्याय, दिवाबत्ती, आरोग्य, गरिबांची व्यवस्था ही कामे तेथे कोणी व कोणाच्या अधिकाराने केली? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे संस्थांच्या इतिहासाबरोबर त्या संस्थांना वाहणाऱ्या शब्दांकडेही त्याचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. आणि या विषयात शब्दांची साक्ष गौण नाही, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

(२)

प्रथम ग्रामनामाचा विचार करू. आठव्या शतकातील इतिहासकार बीड याने या स्थळाचा निर्देश ‘इन्ह्रिपुम्’ असा केला आहे. ‘ह्रिपे’ हे एका प्राचीन आंग्ल टोळीचे नाव असून मूळ शब्दप्रयोगाचा अर्थ ‘ह्रिपे लोकांमध्ये’ असा होतो. म्हणजे लोकांच्या नावाचे अनेकवचनच स्थळवाचक झाले. संस्कृतज्ञांना हा प्रकार नवा वाटणार नाही. अंग, विदर्भ, पंचाल ही जनांची नावे अनेकवचनात त्यांच्या जनपदांची नावे होतात आणि पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र रचले आहे. रिपनचे नाव असे मुळात जागेचे नसून समुदायाचे आहे.

गावातील रस्त्यांची नावे दुसऱ्या एका थराची साक्ष देतात. कर्कगेट, वेस्टगेट, ऑलहॅलोगेट, ब्लॉसमगेट, स्टोनब्रिजगेट अशी ही नावे आहेत. यांतील ‘गेट’ म्हणजे वेस किंवा दरवाजा नव्हे. स्कॅंडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतील ‘गाता’ म्हणजे रस्ता, त्याचे हे रूप होय. नवव्या शतकानंतर या प्रदेशावर डेन लोकांचा अंमल बसला, त्याची ही खूण.

त्याच भाषेने इंग्रजी कारभाराला आणखी एक शब्द दिला, आणि तो आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘बायलॉ’. आपल्या नगरपालिका अधिनियमांत त्याचा पर्याय ‘उपविधी’ असा रूढ आहे. ‘बाय’ म्हणजे बाजूचा, दुय्यम, अशी समजूत या पर्यायामागे दिसते. इंग्रजी भाषकांचीही आज तीच समजूत आहे. परंतु बहुतेक कोशकारांच्या मते या शब्दातील ‘बाय’ मूळचा वेगळा असून त्याचा अर्थ गाव असा आहे. व्हिटबी, डर्बी या ग्रामनामांच्या शेवटी येणारा ‘बी’ तोच. तेव्हा ‘बायलॉ’ म्हणजे मुळात वरिष्ठ कायद्याच्या पोटातला दुय्यम नियम नव्हे. गावाने आपल्यापुरता केलेला कायदा, ग्रामविधी होय. ‘ग्रामविधी’चा ‘उपविधी’ कसा झाला, याचे उत्तर शब्दकोशापेक्षा रिपनसारख्या गावांच्या इतिहासात अधिक स्पष्ट सापडते.

(३)

रिपनच्या कारभारातील सर्वांत जुना अधिकारी ‘वेकमन’ हा होय. ‘वेक’ म्हणजे जागणे. वेकमन म्हणजे जागणारा. येथे मराठी वाचकास आपल्या ‘जागल्या’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. दोन्ही शब्द आपापल्या भाषांतील जागण्याच्या धातूपासून, परस्परांशी काहीही संबंध नसताना, एकाच गरजेतून निघाले आहेत. भेद आहे तो प्रतिष्ठेचा. आपला जागल्या गावगाड्याच्या तळाशी राहिला. रिपनचा वेकमन गावाचा प्रमुख झाला.

रात्री नऊ वाजता शिंग फुंकून पहारा बसल्याची वर्दी द्यावयाची, ही वेकमनच्या कारभाराची खूण होती. स्थानिक परंपरेप्रमाणे हे शिंग इ. स. ८८६ मध्ये आल्फ्रेड राजाने गावाला दिले. ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. त्या काळी यॉर्क व त्याभोवतीचा मुलूख डेन लोकांच्या हाती होता. तेथे सनदा देण्याचा अधिकार आल्फ्रेडला पोहोचत नव्हता. तथापि शिंगाची चाल फार जुनी आहे आणि वेकमन मंडळींनी अर्पण केलेल्या चांदीच्या पदकांनी मढविलेला त्याचा पट्टा गावाने जपून ठेविला आहे.

चालीपेक्षाही तिच्यामागील हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. जुन्या वर्णनांनुसार प्रत्येक घरधन्याने वेकमनला वार्षिक कर द्यावयाचा असे : घराला एक दार असल्यास दोन पेन्स आणि पुढले-मागले अशी दोन दारे असल्यास चार पेन्स. या कराच्या मोबदल्यात, शिंग वाजल्यापासून सकाळपर्यंत कोणाच्या घरी चोरी झाली आणि पहाऱ्यात कसूर झाल्याचे ठरले, तर वेकमनने नुकसान भरून द्यावयाचे. आपल्याकडेही चोरीचा माग न लागल्यास गावच्या राखणदाराने नुकसान सोसावे अशी चाल दख्खनमधील गावांत होती, हे प्रसिद्धच आहे.

या व्यवस्थेत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. सेवा ठरलेली आहे. तिचे मूल्य घरटी आकारलेले आहे. आणि सेवा न झाल्यास जाब कोणाला विचारावयाचा, तो मनुष्य नावाने ठाऊक आहे. स्थानिक कारभाराच्या कोणत्याही पद्धतीचे मोजमाप या तीन गोष्टींवरून करता येते. ‘म्युनिसिपालिटी’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याच्या पोटातही हाच अर्थ आहे : ‘मुनुस’ म्हणजे कर्तव्य आणि ते पत्करणारा तो ‘म्युनिसेप्स’.

(४)

१६०४ साली पहिल्या जेम्स राजाने रिपनला सनद दिली. तिच्यामुळे वेकमनचे पद जाऊन मेयरचे पद आले. शेवटचा वेकमन ह्यू रिप्ली हाच पहिला मेयर झाला. वरवर पाहता हा केवळ नामबदल. परंतु शब्दांचा अर्थ पाहिला म्हणजे त्यातील फरक कळतो. ‘वेकमन’ या शब्दात काम सांगितले आहे. ‘मेयर’ म्हणजे ‘अधिक थोर’, त्यात केवळ मान सांगितला आहे. (आपल्याकडे सावरकरांनी दिलेल्या ‘महापौर’ या प्रतिशब्दातही थोरवीच आहे, परंतु तेथे ‘पौर’ म्हणजे नागरिक निदान शब्दात तरी उरला.) मेयरच्या मदतीस असणारे ‘आल्डरमन’ म्हणजे ज्येष्ठ. सनदेने निर्माण केलेले हे मंडळ रिकाम्या जागा स्वतःच भरून काढी; नगरवासियांच्या मताला त्यात स्थान नव्हते.

त्यातही गावाचे सर्व अधिकार या मंडळाकडे नव्हते. मॅनरची, म्हणजे गावाच्या जमीनदारीची, मालकी यॉर्कच्या आर्चबिशपकडे परंपरेने चालत आली होती. ‘लिबर्टी ऑफ रिपन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलखाला स्वतंत्र न्यायाधीश व स्वतंत्र तुरुंग होता. १८१६ साली बांधलेली त्या तुरुंगाची इमारत आज संग्रहालय म्हणून उभी आहे.

आणि या दोहोंच्याही वर गावाजवळच्या स्टड्ली रॉयल या जहागिरीचे वजन होते. तेथील जॉन आयलबी हा १७०२ साली मेयर असताना बाजारचौकात निकोलस हॉक्समूर याच्या आराखड्याप्रमाणे उंच स्तंभ उभारण्यात आला. डॅनियल डिफोने आपल्या प्रवासवर्णनात रिपनच्या चौकाची मोठी प्रशंसा केली आहे. हाच आयलबी पुढे इंग्लंडचा अर्थमंत्री झाला आणि ‘साउथ सी’ कंपनीच्या घोटाळ्यात १७२१ साली पार्लमेंटमधून काढला जाऊन तुरुंगात गेला. त्यामुळे घराण्याचे रिपनमधील वजन कमी झाले असे मात्र नाही. त्याचा पुत्र विल्यम त्याच साली रिपनचा प्रतिनिधी झाला आणि साठ वर्षे त्या जागेवर राहिला. १७८१ साली त्या साठ वर्षांचे स्मारक म्हणून त्याने चौकातील स्तंभ दुरुस्त करून घेतला.

हे शक्य होते, कारण मताचा हक्क माणसाला नसून ठराविक जुन्या घरजागांना होता. अशा जागा सुमारे दीडशे होत्या आणि त्यांपैकी बहुसंख्य स्टड्लीच्या मालकांनी विकत घेऊन ठेविल्या होत्या. जागा ज्याची त्याचे मत. १८०१ साली पुरा झालेला टाउन हॉलदेखील स्टड्लीच्या मालकीण श्रीमती अ‍ॅलनसन यांनी स्वखर्चाने जेम्स वायट या वास्तुविशारदाकडून बांधविला. नगराची सभा भरावयाची ती जहागिरीच्या घरात, अशी ही स्थिती. लॉर्ड रिपन यांचे वडील, जे पुढे काही महिने इंग्लंडचे पंतप्रधानही झाले, ते १८०७ पासून १८२७ पर्यंत रिपनचे प्रतिनिधी होते, ते याच जहागिरीच्या पाठिंब्यावर. एका बंदिस्त मतदारसंघाचे नाव पुढे लोकनियुक्त संस्थांच्या पुरस्कर्त्याला लागावे, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

(५)

१८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स अ‍ॅक्टने ही व्यवस्था मोडली. इंग्लंड व वेल्समधील १७८ जुन्या नगरांना त्या कायद्याने एकच साचा लावला. त्यांत रिपन होते. स्थायिक करदात्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. नगरसेवकांची मुदत तीन वर्षांची ठरली आणि त्यांपैकी एकतृतीयांश दरवर्षी निवृत्त होऊ लागले. आल्डरमन हे नगरसेवकांनी सहा वर्षांसाठी निवडावयाचे. हिशेब तपासले जाऊ लागले आणि नगराचा निधी नगराच्याच कामी लावण्याचे बंधन आले.

मात्र या नव्या सभेच्या हाती प्रारंभी फार थोडे होते. गरिबांची व्यवस्था १८३४ च्या कायद्याने ‘गार्डियन’ नावाच्या स्वतंत्र मंडळांकडे गेली होती. रिपनची १८५४-५५ साली बांधलेली गरीबखान्याची इमारत त्या मंडळाची होय, नगरसभेची नव्हे. कोळसा आणणारा कालवा १७७३ साली आणि रेल्वे १८४८ साली आली, ती खाजगी भांडवलावर. नगरसभेकडे मुख्यतः उरला तो वेकमनचाच वारसा, म्हणजे पहारा. रिपनने आपले स्वतंत्र पोलीसदल उभारले. परंतु इतक्या लहान गावाला ते परवडेना आणि १८८७ साली ते परगण्याच्या पोलिसांत विलीन झाले. लिबर्टीचा बंद पडलेला तुरुंग त्याच साली पोलीसठाणे झाला. जागण्याच्या कामावरून ज्या पदाची परंपरा निघाली, ते काम त्या पदाच्या कक्षेतून अशा रीतीने गेले.

उलट दुसऱ्या दिशेने अधिकार वाढलेही. १८७२ व १८७५ च्या आरोग्यविषयक कायद्यांनी नगरसभा ही गावाची आरोग्यसंस्थाही ठरली. गटारे, सफाई, रस्ते, साथीच्या रोगांचा बंदोबस्त ही कामे तिच्याकडे आली. विसाव्या शतकाच्या आरंभी तर रिपनने एक धाडसी उद्योग केला. सुमारे चार मैलांवरील आल्डफील्ड येथील गंधकयुक्त पाणी नळाने गावात आणून नगरसभेने १९०५ साली सार्वजनिक स्नानगृहे उघडली. हॅरोगेटसारख्या मातबर शेजाऱ्याच्या तोडीचे आरोग्यस्थान व्हावे, ही त्यामागील आकांक्षा. ती फारशी सफल झाली नाही. पुढे १९३६ साली तेथे पोहण्याचा तलाव झाला आणि २०२१ पर्यंत तो चालू होता. मात्र येथे नगर आपल्या पैशाने, आपल्या निर्णयाने, आपल्या जबाबदारीवर काही करू पाहत होते, हे नोंदविले पाहिजे.

(६)

आता लॉर्ड रिपन यांच्याकडे वळू. १८८० ते १८८४ या काळात ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. १८८२ च्या ठरावाचा गाभा असा : स्थानिक मंडळांत सरकारी सभासद एकतृतीयांशाहून अधिक नसावेत, शक्य तेथे निवडणूक असावी, अध्यक्ष शक्यतो बिनसरकारी असावा, सरकारने नियंत्रण ठेवावे ते आत बसून नव्हे, बाहेरून. मंडळाचे क्षेत्र तालुक्याएवढे लहान असावे, कारण स्थानिक माहिती व स्थानिक आस्था लहान क्षेत्रातच असते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कारभार अधिक चांगला होईल हे या संस्थांचे मुख्य प्रयोजन ठरावाने मानले नाही. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे हे मुख्य प्रयोजन मानले, आणि आरंभी चुका होतील हे गृहीत धरले.

तत्पूर्वीची आपल्याकडील स्थिती पुण्याच्या उदाहरणावरून कळते. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ते सरकारनियुक्त म्हणून. ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली नगरपालिका व लोकल बोर्डांविषयीचे कायदे झाले आणि तालुका व जिल्हा अशी दुहेरी बोर्डे आली. तथापि अध्यक्षस्थान सोडण्यास अधिकारीवर्ग सहजासहजी तयार नव्हता. १९०९ साली विकेंद्रीकरण आयोगाला बिनसरकारी अध्यक्षाची शिफारस पुन्हा करावी लागली, यावरून ठरावाची किती अंमलबजावणी झाली होती, ते दिसते.

इंग्लंडला परतल्यावर लॉर्ड रिपन वसाहतमंत्री झाले, आणि त्यानंतर १८९५-९६ साली ते रिपन गावचे मेयर झाले. उपखंडाचा कारभार पाहिलेला मनुष्य आठ-नऊ हजार वस्तीच्या गावाच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसला. स्टड्लीची जहागीर आता त्यांचीच होती. १८९७ साली त्यांनी टाउन हॉलची इमारत नगराला देऊन टाकली. या घटनेचे दोन अर्थ संभवतात. नगरसभेला स्वतःचे घर मिळाले, हा एक. आणि निवडणुकीच्या साठ वर्षांनंतरही ते देणगी म्हणूनच मिळाले, हा दुसरा. हिंदुस्थानात त्यांनी दिलेल्या स्थानिक स्वराज्याविषयीही हेच दोन अर्थ सांगता येतात, आणि आपल्या इतिहासकारांनी दोन्ही सांगितले आहेत.

(७)

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १८८८ च्या कायद्याने परगणासभा निर्माण झाल्या. १९०२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण दहा हजारांहून अधिक वस्तीच्या नगरांकडे सोपविले. रिपनची वस्ती तेवढी नसल्यामुळे तेथील शाळा परगणासभेकडे गेल्या. १९७२ च्या कायद्याने १ एप्रिल १९७४ पासून रिपनची नगरसभाच संपुष्टात आली आणि गाव हॅरोगेट या मोठ्या विभागात घातले गेले. ज्याच्याशी स्पर्धा करण्यासाठी स्नानगृहे बांधली, त्याच गावातून आता रिपनचा कारभार चालू लागला. ‘सिटी’ हा मान खास फर्मानाने राखला गेला. परंतु त्या मानाखाली उरलेल्या ‘सिटी कौन्सिल’ला अधिकार राहिले ते आपल्याकडील ग्रामपंचायतीहूनही कमी. १ एप्रिल २०२३ रोजी हॅरोगेटचा विभागही रद्द झाला आणि संपूर्ण उत्तर यॉर्कशरसाठी एकच सभा आली. कचरा, घरबांधणी, रस्ते, शाळा, वाचनालये यांविषयीचे निर्णय आता त्या विस्तीर्ण परगण्याच्या सभेत होतात.

या प्रत्येक टप्प्यास कारणे होती आणि ती पोकळ नव्हती. लहान गावाला चांगले पोलीसदल, चांगली शाळा, तज्ज्ञ अभियंता परवडत नाही. करांचे उत्पन्न असमान असते. मोठ्या क्षेत्रात ते वाटून घेता येते. कार्यक्षमतेच्या कसोटीवर १९७४ च्या सुधारकांचे म्हणणे सहज खोडून काढता येणार नाही. परंतु १८८२ च्या ठरावाने हीच कसोटी दुय्यम मानली होती, हे विसरता येत नाही. चुकत चुकत का होईना, आपल्या गावाचा कारभार आपण करण्याची सवय हे ज्या गावच्या नावाने सांगितलेले तत्त्व, त्या गावाला ती सवय टिकविण्याची संधी राहिली नाही.

आपल्याकडेही याला समांतर घटना आहे. ठरावाने ज्या लहान क्षेत्राचा आग्रह धरला होता, ती तालुका लोकल बोर्डे मुंबई प्रांतात १९३८ साली रद्द झाली. तालुक्याच्या पातळीवर पंचायत समितीच्या रूपाने संस्था पुन्हा आली, ती १९६१ च्या अधिनियमानंतर. म्हणजे क्षेत्र लहान असावे की मोठे, या प्रश्नाचा निकाल एकदाच लागत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने लावावा लागतो. तो लावताना वेकमनच्या हिशेबातील तीन कलमे पुढे ठेवणे उपयुक्त ठरेल. सेवा कोणती, तिचे मूल्य कोण देतो आणि जाब कोणाला विचारावयाचा? पहिल्या दोन कलमांची व्यवस्था मोठ्या संस्था चांगली करू शकतात. तिसऱ्याची व्यवस्था अंतराने अवघड होते.

रिपनच्या चौकात आजही रोज रात्री नऊ वाजता स्तंभाच्या चारही कोपऱ्यांवर शिंग फुंकले जाते. दाराच्या संख्येवरून कर आता कोणी देत नाही आणि चोरी झाल्यास मेयरकडे भरपाईही कोणी मागत नाही. टाउन हॉलच्या दर्शनी भागावर जुन्या बायबलवचनाच्या आधारे कोरलेली ओळ आहे. तिचा आशय असा की देवाने नगर राखिले नाही तर वेकमनचे जागणे व्यर्थ होय. ही ओळ कोरली गेली १८८६ साली. त्यानंतर एका वर्षाच्या आतबाहेर नगराचे स्वतःचे पोलीसदल संपले. ‘ग्रामविधी’ला आपण ‘उपविधी’ म्हणू लागलो, ते भाषांतरकाराच्या अज्ञानामुळे नव्हे. त्या शब्दाचा अर्थ इंग्लंडातील गावांत आधीच बदलला होता, आणि आपल्याकडे आला तो बदललेल्या अर्थासह.